क्लोरीन शोधणारा शेले आणि तुमच्या बाथरूममधल्या दोन बाटल्या

फोन सायलेंटवर असतो आणि खिशात थरथरतो. आतल्या छोट्याशा मोटरमध्ये एक जड तुकडा हलतो, म्हणून ती थरथर आपल्याला कळते. बऱ्याच फोनमध्ये हा तुकडा टंगस्टनच्या मिश्रधातूचा असतो. आता फोन ठेवा आणि बाथरूममध्ये नजर टाका. टॉयलेट क्लीनरची बाटली असेल, शेजारी ब्लीच असेल, गावाकडे असाल तर टीसीएल पावडरची पुडीही असेल.

टंगस्टनची ओळख पटवणारा आणि क्लोरीन पहिल्यांदा बनवून त्याचे गुणधर्म लिहून ठेवणारा माणूस एकच होता. नाव कार्ल विल्हेल्म शेले. वयाच्या ४३व्या वर्षी तो गेला, आणि त्यानं हाताळलेल्या रसायनांनीच त्याचा घात केला असावा असं मानलं जातं.

मित्रांनो, त्याची गोष्ट आज वाचायची, कारण त्यानं मुद्दाम केलेला एक प्रयोग आपल्याकडे अनेक घरांत चुकून होतो.

हे आपल्याकडे का महत्त्वाचं आहे?

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या भागात राहणाऱ्यांना खारपाण पट्टा समजावून सांगायची गरज नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं हे पाणी इतकं क्षारयुक्त की साबणाला नीट फेस येत नाही. घाटावरही बोअरचं पाणी असेल तर नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतोच. टाइल्सवर डाग, बादलीला कडा, संडासाच्या भांड्यात पिवळट पट्टा.

घासून निघत नाही, म्हणून माणूस अ‍ॅसिड आणतो. तरी डाग राहिला की वरून ब्लीच ओततो. त्यात मोबाइलवर एखादी क्लीनिंग हॅकची रील दिसते, पाच गोष्टी एकत्र करा आणि चमत्कार बघा म्हणणारी. चूक नेमकी इथे होते.

औषधाच्या दुकानातला पोरगा

शेलेचा जन्म डिसेंबर १७४२चा, श्ट्रालझुंड गावातला. आज हे गाव जर्मनीत आहे, तेव्हा ते स्वीडनच्या ताब्यात होतं. घरात अकरा भावंडं. कॉलेजला जाणं त्याच्या नशिबात नव्हतंच. चौदाव्या वर्षी त्याला स्वीडनमधल्या गोटेनबर्ग शहरात एका औषधविक्रेत्याकडे शिकाऊ म्हणून ठेवलं.

त्या काळातलं औषधाचं दुकान आजच्या मेडिकलसारखं नव्हतं. गोळ्यांची पाकिटं नव्हती. खनिजं कुटायची, अर्क काढायचे, आम्लं तयार करायची, हे सगळं दुकानाच्या मागच्या खोलीत चालायचं. दिवसा मालकाचं काम आणि रात्री तिथलीच पुस्तकं वाचून स्वतःचे प्रयोग. आठ वर्षं तो तिथे राहिला आणि दुकानातलं जवळपास प्रत्येक रसायन त्याच्या हातून गेलं.

पुढे माल्मो, स्टॉकहोम, उप्साला अशी गावं बदलली, पण काम तेच, औषधाच्या दुकानातलं. उप्सालात मात्र तिथल्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ टॉर्बर्न बर्गमन यांच्याशी त्याची गाठ पडली. या नोकरदार पोराला काय येतं हे त्यांनी ओळखलं. फेब्रुवारी १७७५ मध्ये स्वीडनच्या रॉयल अकादमीनं त्याला सभासद करून घेतलं. तेव्हा त्याच्याकडे पदवी नव्हती आणि स्वतःचं दुकानही नव्हतं.

ऑक्सिजन आधी सापडला, बातमी नंतर आली

हवेतला जो भाग जळायला मदत करतो तो वेगळा काढायचं काम शेलेनं १७७२च्या सुमारास केलं होतं. तो वायू म्हणजे आपला ऑक्सिजन. पण त्याचं पुस्तक छापायला उशीर झाला, ते आलं १७७७ मध्ये. तोवर इंग्लंडच्या जोसेफ प्रिस्टलीनं तोच वायू स्वतंत्रपणे मिळवून जाहीरही केला होता. म्हणून बऱ्याच पुस्तकांत प्रिस्टलीचं नाव पुढे असतं आणि शेलेचं मागे.

यादी मात्र इथे संपत नाही. हाडांमधून फॉस्फरस काढायची पद्धत, आंबलेल्या दुधातलं लॅक्टिक आम्ल, तेलातून निघणारं ग्लिसरीन, काच खाणारं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड, या सगळ्यावर त्याचा हात फिरला. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड आजही चिप बनवण्याच्या कारखान्यात लागतं. १७८१ मध्ये एका जड दगडातून त्यानं टंगस्टनचं आम्ल वेगळं केलं. त्या खनिजाला आज त्याच्याच नावावरून शीलाइट म्हणतात.

१७७४: पिवळट हिरवा वायू

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

पायरोलुसाइट नावाचं एक काळं खनिज आहे. त्यात मँगनीज असतं. आपल्या विदर्भातही नागपूर-भंडारा भागात मँगनीजच्या खाणी आहेत. शेले या काळ्या खनिजाचा बरीच वर्षं अभ्यास करत होता. त्यावर त्यानं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकून पाहिलं. भांड्यातून पिवळट हिरवा वायू निघाला. वास इतका उग्र की छातीत कोंडल्यासारखं व्हावं. त्या वायूत ठेवलेल्या फुलांचा रंग उडाला, हिरवी पानं फिकी पडली, आणि गेलेला रंग परत आला नाही.

हे नवं मूलद्रव्य आहे हे त्याला कळलं नाही. ते पुढे १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीनं सांगितलं आणि क्लोरीन हे नाव दिलं. पण रंग उडवण्याचा गुण शेलेनं टिपून ठेवला होता. त्यावरूनच पुढच्या काही वर्षांत फ्रान्समध्ये कापड पांढरं करायचं ब्लीच आलं आणि १७९९ मध्ये ब्रिटनमध्ये ब्लीचिंग पावडरचं पेटंट निघालं. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, ती याच घराण्यातली. ठरलेल्या प्रमाणात टाकली की ती जंतू मारते आणि गावाला कॉलऱ्यापासून वाचवते.

हाच वायू २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्यानं हजारो सिलिंडरमधून शत्रूच्या खंदकांकडे सोडला. माणसं गुदमरून मेली. पाणी शुद्ध करणारं रसायन आणि युद्धातलं विष, दोन्ही एकच. किती प्रमाणात आणि कुठे, यावर सगळं अवलंबून.

शेलेचा प्रयोग बाथरूममध्ये कसा होतो?

टॉयलेट क्लीनरच्या बाटलीमागचा मजकूर वाचा. बहुतेकांवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लिहिलेलं सापडेल. शेलेनं वापरलं तेच. ब्लीचमध्ये असतं सोडियम हायपोक्लोराइट. शेलेच्या प्रयोगात काळ्या खनिजानं जे काम केलं, ते इथे ब्लीच करतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू होऊन बाहेर पडतो. गरम करायला नको, काही सेकंद पुरतात.

क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड असतो, म्हणून तो वर न जाता जमिनीलगत साचतो. आपण संडास घासतो ते खाली वाकून किंवा उकिडवं बसून, दार लावलेलं, खिडकी वीतभर. म्हणजे नाक बरोबर वायूच्या थरात. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, छाती आवळल्यासारखी होते. जास्त वायू आत गेला तर काही तासांनी फुफ्फुसात पाणी साचू शकतं. तेव्हा थोडं बरं वाटलं म्हणून विषय संपला असं समजू नका.

हे झालं अचानक होणाऱ्या अपघाताचं. हळूहळू होणारा त्रासही आहे आणि तो दिसत नाही. नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा हजारांहून जास्त लोकांच्या फुफ्फुसांची क्षमता सुमारे २० वर्षांत किती बदलली हे त्यांनी तपासलं. घरी किंवा नोकरीत नियमित साफसफाई करणाऱ्या महिलांची क्षमता साफसफाई न करणाऱ्यांपेक्षा वेगानं घटलेली दिसली. आपल्या घरी संडास कोण घासतं? बहुतेक आईच. म्हणून हा लेख तिलाही वाचून दाखवा.

शेलेची सवय आणि शेवट

१७७५ पासून शेले स्वीडनमधल्या कोपिंग या लहानशा गावात औषधाचं दुकान चालवू लागला. बर्लिनहूनही बोलावणं आलं होतं, तो गेला नाही. दुकान, प्रयोग आणि थंडी, यातच त्याची पुढची दहा-अकरा वर्षं गेली.

त्याच्याकडे आजच्यासारखे सेन्सर नव्हते. एखादा पदार्थ ओळखायचा तर रंग बघायचा, वास घ्यायचा आणि जिभेवर ठेवायचा. त्या काळातले बरेच रसायनशास्त्रज्ञ असंच करत. शेले तर फारच पुढे गेला. हायड्रोजन सायनाइड हे अत्यंत जहाल विष त्यानं तयार केलं आणि त्याच्या वासासोबत चवीचंही वर्णन लिहून ठेवलं. आर्सेनिक, पारा, शिसं यांच्याशी त्याचा रोजचा संबंध. मागची खोली बंद, हवा खेळती नाही.

आर्सेनिकपासून त्यानं एक सुंदर हिरवा रंगही बनवला होता. तो शेलेज ग्रीन म्हणून ओळखला गेला. एकोणिसाव्या शतकात युरोपात घरोघरी भिंतींच्या कागदावर, कपड्यांवर, खोट्या फुलांवर हा रंग होता. भिंत ओलसर झाली की बुरशी यायची आणि त्या रंगातून आर्सेनिकचा विषारी वायू सुटायचा. लोक आजारी पडत आणि भिंतीवर कुणाचा संशय जात नसे. घरातलं रसायन असंच फसवतं. दिसायला छान, कामाला चोख आणि त्रास हवेतून.

१७८५ पासून शेलेची तब्येत ढासळत गेली. मूत्रपिंडाचा त्रास, त्वचेचा आजार, सांधेदुखी. मृत्यूच्या दोन-तीन दिवस आधी त्यानं आधीच्या दुकानदाराच्या विधवेशी लग्न केलं. तिनं त्याचं घर आणि दुकान सांभाळलं होतं, आणि आपल्यामागे सगळं तिला मिळावं ही त्याची इच्छा होती. २१ मे १७८६ रोजी तो गेला.

तेव्हा बाटलीवर इशारा छापलेला नसायचा, कारण इशारा देण्याइतकी माहितीच कुणाकडे नव्हती. आपल्याकडे ती आहे, बाटलीच्या मागे, बारीक अक्षरात.

आजपासून एवढं करा

- अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका. एक वापरल्यावर भरपूर पाणी ओता. दुसरं वापरायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी.
- ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबूही नको. तीही आम्लंच, क्लोरीन सुटतोच. काही काच पुसायच्या लिक्विडमध्ये अमोनिया असतो, तो ब्लीचमध्ये मिसळला की क्लोरामाइन नावाचा दुसरा विषारी वायू तयार होतो.
- लेबल इंग्रजीत असेल तर फोनमध्ये गूगल लेन्स उघडा, ट्रान्सलेट निवडा, भाषा मराठी करा आणि कॅमेरा लेबलवर धरा. आत काय आहे आणि कशात मिसळायचं नाही, हे आधी बघा.
- सुटं अ‍ॅसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. लहान मूल पाणी समजून तोंडाला लावतं. कुणी प्यायलंच तर उलटी करायला लावू नका, कारण वर येताना ते अन्ननलिका पुन्हा भाजतं. लगेच दवाखाना गाठा.
- साफ करताना दार-खिडकी उघडी, हातात ग्लोव्ह्ज. तोंडावर रुमाल बांधला तरी वायू थांबत नाही.
- उग्र वास आला तर सगळं सोडून मोकळ्या हवेत या. बाटली उचलायला परत आत जाऊ नका. डोळ्यांत जळजळ असेल तर किमान १५ मिनिटं साध्या पाण्यानं धुवा. श्वासाला त्रास होत असेल तर १०८ ला फोन करा.

मग पांढरे डाग काढायचे कसे?

याचंही उत्तर शेलेकडेच आहे. १७८४ मध्ये त्यानं लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे खडे वेगळे काढले. तेच आज किराणा दुकानात लिंबूसत्त्व किंवा लिंबूफूल म्हणून मिळतं. कोमट पाण्यात चमचाभर विरघळवा, फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्धा तास ठेवा आणि घासा. खाऱ्या पाण्याचा थर बराचसा सुटतो. ओट्याचा तेलकटपणा काढायला धुण्याचा सोडा आहेच. लोणार सरोवराचा खार एकेकाळी साबण बनवायला वापरत, तोही याच जातीचा. फक्त सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र करू नका. त्यात धोका नाही, पण फेस येतो आणि दोन्हींचा जोर जातो.

अ‍ॅसिडपेक्षा वेळ जास्त लागेल, हे खरं. पण दार लावलेल्या बाथरूममध्ये खाली वाकलेल्या आईच्या फुफ्फुसांपुढे अर्धा तास काहीच नाही. पुढच्या वेळी ती हॅकवाली रील फॅमिली ग्रुपवर आली, तर तिच्याखाली हा लेख टाका.