टॉम किलबर्न: मेमरीची पेजेस करणारे इंजिनिअर
मी ड्रायव्हर लिहितो. कर्नलकडे मेमरी मागितली की ती पेजच्या हिशोबात मिळते. ही पद्धत रुजवली टॉम किलबर्न यांच्या टीमने. जन्म १९२१, यॉर्कशर, शिक्षण गणिताचं. १९४८ मध्ये मँचेस्टरच्या ‘बेबी’ कॉम्प्युटरवर त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालला, तेव्हा मेमरी होती फक्त ३२ वर्ड! पुढे मोठी मशिन्स आली, पण कोअर मेमरी महाग आणि ड्रम स्लो. त्यामुळे कुठला डेटा कधी आत आणायचा, ही कटकट प्रोग्रॅमरच्याच गळ्यात. १९६२ च्या ॲटलसने ती सोडवली. मेमरीचे ५१२ वर्डचे तुकडे, म्हणजे पेजेस केली. हवं ते पेज कोअरमध्ये नसलं, तर सुपरवायझर ते ड्रमवरून आणणार. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. किलबर्न २००१ मध्ये गेले. तुमच्या फोनमध्ये पेज फॉल्ट झाला, की कर्नल आजही हेच करतो.