पडद्याआडच्या बायकांची वकील

कायदा शिकणाऱ्या ताई-दादांनो, वकिली कोणासाठी करायची हे ठरवताना कॉर्नेलिया सोराबजी आठवा. जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या इथे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला कायदा शिकायला आल्या. परीक्षा दिली १८९२ साली, पदवी मिळाली १९२२ साली! ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नसे.

पडद्यातल्या विधवांना परक्या पुरुषाशी, म्हणजे वकिलाशीही, बोलता येत नसे. नातेवाईक त्यांची इस्टेट लुबाडत. कॉर्नेलियाबाई थेट जनानखान्यात जाऊन कागद तपासत. १९०४ मध्ये बंगाल सरकारने त्यांना याच कामावर नेमले. सुमारे ६०० बायका-मुलांना त्यांची मदत झाली. गांधीजींच्या चळवळीला मात्र त्यांचा विरोध होता. (हे आम्हाला खटकते.) १९५४ साली त्या लंडनमध्ये वारल्या.