वॉल्टर टल : मैदानातून खंदकात

पहिल्या महायुद्धात फुटबॉल खेळाडूंच्या नावाने एक पलटण उभी राहिली होती, हे वर्गात सांगितलं की मुलांना खरंच वाटत नाही. डिसेंबर १९१४ मध्ये इंग्लंडच्या मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन तयार झाली. तिला फुटबॉल बटालियनच म्हणत. त्याच महिन्यात तिच्यात भरती झाला वॉल्टर टल.

वॉल्टरचा जन्म २८ एप्रिल १८८८ चा, फोकस्टन या समुद्रकाठच्या गावातला. वडील बार्बाडोस बेटावरून आलेले सुतार, आजोबा तर गुलामीत जगलेले. आई इंग्रज. तो सात वर्षांचा असताना आई वारली, नवव्या वर्षी वडीलही गेले. सावत्र आईला एवढी पोरं सांभाळणं झेपेना. शेवटी वॉल्टर आणि त्याचा भाऊ एडवर्ड लंडनच्या अनाथाश्रमात आले. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतलं. तो दंतवैद्य झाला. वॉल्टर मागे एकटा राहिला, छपाईचं काम शिकला आणि सुट्टीत फुटबॉल खेळू लागला.

खेळ इतका चांगला की १९०९ मध्ये टॉटनहॅम या मोठ्या क्लबने त्याला घेतलं. पण त्याच वर्षी ब्रिस्टलच्या सामन्यात प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या दिल्या. तो शांतपणे खेळत राहिला. तरी थोड्याच काळात राखीव संघात गेला तोच! आपल्या बोईसर-सालवडच्या वर्गांत कितीतरी राज्यांची मुलं बसतात. रंगावरून, बोलीवरून चिडवणं आपण ऐकतोच. म्हणून हा प्रसंग मुलांना वेगळा समजावावा लागत नाही. १९११ मध्ये तो नॉर्थम्प्टनला गेला आणि तिथे शंभरहून जास्त सामने खेळला.

सैन्यात तो सार्जंट झाला, १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होता. युरोपीय वंशाच्या नसलेल्या माणसाने अधिकारी म्हणून हुकूम द्यायचा नाही, असा तेव्हाचा लष्करी नियम. तरीही वरिष्ठांनी त्याचंच नाव पुढे पाठवलं आणि मे १९१७ मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला. आपल्याकडच्या तरुणांना लढाऊ पलटणीत राजाचं पूर्ण कमिशन मिळायला त्या वर्षीचा ऑगस्ट उजाडावा लागला, हेही मुलांना जरूर सांगा.

इटलीत पियावे नदीपार रात्री २६ जणांना घेऊन तो शत्रूच्या हद्दीत शिरला आणि सगळ्यांना सुखरूप परत आणलं. सेनापतीने त्याच्या धैर्याची लेखी नोंद केली.

२५ मार्च १९१८ ला फ्रान्समध्ये माघार घेताना त्याला गोळी लागली. वय २९. त्याच्या माणसांनी भर गोळीबारात त्याला उचलून आणायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. देह सापडलाच नाही. अरासच्या स्मारकभिंतीवर त्याचं नाव तेवढं आहे.