मलाक्काच्या टेकडीवरील रिकामी कबर



3 डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. गोव्यात दर दहा वर्षांनी त्यांच्या पवित्र अवशेषांचे प्रदर्शन भरते. यापूर्वीचे प्रदर्शन नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात झाले. आपल्यापैकी जे दर्शनाला गेले असतील त्यांना ती लांबच लांब रांग आठवत असेल. परंतु गोव्याला येण्याआधी या संताला दोन ठिकाणी पुरले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांतली दुसरी कबर मलेशियातील मलाक्का या जुन्या बंदरात आहे. ती रिकामी आहे, तरीही माणसे ती पाहायला टेकडी चढून जातात. आज आपण मनाने ती टेकडी चढू या.

आपण शहापूर-मुरबाडची डोंगराकडची माणसे. बंदराशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण मुरबाडवरून जाणारी नाणेघाटाची वाट ही कल्याण आणि सोपारा बंदरांचा माल घाटावर नेणारी प्राचीन वाट होती. बंदरात उतरलेला माल आणि विचार दोन्ही डोंगरापर्यंत पोहोचतात. मलाक्का हेही असेच बंदर. अरब, गुजराती, तमिळ, चिनी आणि जावाचे व्यापारी येथे वारे बदलण्याची वाट पाहत मुक्काम करीत. 1511 साली पोर्तुगीजांनी ते जिंकले आणि तेथे भक्कम कोट बांधला. 1521 साली टेकडीवर पवित्र मरियेचे देवालय उभे राहिले.

फ्रान्सिस यांचा जन्म 7 एप्रिल 1506 रोजी स्पेनमधील नवारा प्रांतात झाला. पॅरिसच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेला हा हुशार तरुण संत इग्नेशियस यांच्या सहवासात आला आणि मोठ्या पदाची स्वप्ने सोडून येशूसंघाच्या पहिल्या सोबत्यांपैकी एक झाला. 1542 च्या मे महिन्यात ते गोव्याला पोहोचले. पुढे आपल्या वसईलाही त्यांचे पाय लागले.

मलाक्काला ते प्रथम 1545 साली गेले. शहर पैशाने भरलेले आणि श्रद्धेने रिकामे होते. फ्रान्सिस हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत. घंटा ऐकून मुले आणि गुलाम गोळा होत, त्यांना ते प्रार्थना शिकवीत. स्थानिक मलय भाषेत त्यांनी प्रार्थनांचे भाषांतर करून घेतले. उरलेला वेळ रुग्णालयातील आजाऱ्यांसाठी असे. पंडित माणसाने मुलांसमोर बसून आज्ञा घोकून घेणे हे आम्हाला त्यांच्या साऱ्या प्रवासांपेक्षा मोठे वाटते.

याच शहरात 1547 च्या डिसेंबरमध्ये ते देवालयात एक लग्न लावीत असताना आंजिरो नावाचा जपानी माणूस त्यांना भेटायला आला. त्या भेटीतून जपानची वाट उघडली. 24 जून 1549 रोजी ते मलाक्काहून एका चिनी गलबताने निघाले आणि 15 ऑगस्टला, स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. पुढे वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया याच जपानमध्ये गेले आणि 1597 साली नागासाकी येथे क्रूसावर रक्तसाक्षी झाले. म्हणजे वसईचा संत ज्या मातीत पडला, तिच्याकडे जाणारी वाट मलाक्कातून निघाली होती.

आता कथेचा कडू भाग. 1552 साली फ्रान्सिस चीनला निघाले. त्यांचे मित्र, व्यापारी दियोगो परैरा, राजदूत म्हणून सोबत जाणार होते. मलाक्काचा कप्तान होता अल्वारो द अताईद, वास्को द गामाचा मुलगा. परैरांना मिळणारा मान आणि नफा त्याच्या डोळ्यांत सलला. त्याने जहाजाचे सुकाणूच काढून ताब्यात घेतले. फ्रान्सिस यांच्याकडे पोपमहोदयांचे अधिकारपत्र होते, त्यालाही त्याने जुमानले नाही. अखेर परैरा मागे राहिले आणि फ्रान्सिस त्याच जहाजावर साधे प्रवासी म्हणून चढले. चीनच्या किनाऱ्यासमोरील शांगच्वान बेटावर, मुख्य भूमीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहत, 3 डिसेंबरच्या पहाटे ते मरण पावले. वय अवघे 46. अखेरच्या घटकेला उशाशी अंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण होता.

बंधुभगिनींनो, त्यांची वाट परधर्मीयांनी अडवली नव्हती. अडवणारा बाप्तिस्मा घेतलेला, मिस्साला येणारा माणूस होता. आणि खरे सांगायचे तर ज्या राजसत्तेचा तो कप्तान होता, तिच्यावर फ्रान्सिस यांनीही फार भिस्त ठेवली होती. 1546 साली त्यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून भारतात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, नेमण्याची मागणी केली. ते 1560 साली गोव्यात आले आणि त्याने पुष्कळांना दुःख दिले. संतांच्या चरित्रातील हा भाग झाकून ठेवावा असे आम्हाला वाटत नाही. संतही आपल्या काळाचे असतात. देवाचे काम सत्तेच्या काठीने लवकर होईल, हा मोह त्यांनाही होतो.

1553 च्या मार्चमध्ये त्यांचा देह मलाक्काला आणला गेला. ज्या शहराने त्यांना अडवले, तेच शहर मेणबत्त्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. टेकडीवरील देवालयात त्यांना पुरले. वर्ष संपण्याआधीच देह तेथून हलवला, आणि 1554 च्या मार्चमध्ये तो गोव्याला पोहोचला.

आज त्या देवालयाला छप्पर नाही. मधोमध जाळीखाली तो रिकामा खड्डा आहे, भिंतींना टेकून डच लोकांचे थडग्यांचे दगड उभे आहेत. बाहेर 1952 साली उभारलेला फ्रान्सिस यांचा पुतळा आहे, त्याचा उजवा हात तुटलेला आहे. योगायोग असा की त्यांच्या देहाचा उजवा हातही 1614 साली वेगळा करून रोमला नेण्यात आला. टेकडीखाली पोर्तुगीज कोटाची फक्त एक वेस उरली आहे. 1641 साली डचांनी शहर घेतले आणि पुढे इंग्रजांनी कोट पाडून टाकला.

मग टिकले काय? डचांनी कॅथलिक उपासनेवर बंदी घातली, तेव्हा लोक घरांत आणि शहराबाहेर लपून प्रार्थना करीत राहिले. 1710 साली त्यांनी संत पेत्राचे देवालय बांधले, तेथे आजही मिस्सा होते. समुद्राकाठच्या वस्तीत त्यांचे वंशज आजही राहतात. मासेमारी करतात, आपली क्रिस्तांग बोली बोलतात, जूनमध्ये संत पेत्राचा सण करतात. आपल्या वसईचेही तसेच झाले. 1739 साली किल्ला पडला, आतल्या देवालयांची छपरे गेली, पण गावागावांतली श्रद्धा राहिली.

आपले श्रद्धावंत थोडे आणि वाड्यापाड्यांत विखुरलेले. मोठे देवालय नाही, हाताशी सत्ता नाही, याची आपल्याला कधी कधी खंत वाटते. मलाक्काची टेकडी आपल्याला धीर देते. कोट गेला, कप्तान गेला, संताचा देहसुद्धा राहिला नाही. राहिली ती आईने मुलाला शिकवलेली प्रार्थना.

तेव्हा या सणाला एवढेच करू या. संध्याकाळी घरी दिवा लावल्यावर मुलांना जवळ घेऊ आणि एक प्रार्थना त्यांच्याकडून पाठ करून घेऊ. आणि कोणाच्या चांगल्या कामाचे सुकाणू मत्सरापोटी आपणच काढून ठेवलेले नाही ना, हेही स्वतःला विचारू.