मूक साधक डॉ. सुब्बाराव

वाचकहो, पोटाचे आणि लघवीचे विकार ही आपल्याकडे चारचौघांत न बोलण्याची गोष्ट समजली जाते. ताप आला तर माणूस शेजाऱ्यालाही सांगतो. परंतु जुलाब महिनोन् महिने थांबत नसतील किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर तो घरच्यांपासूनही लपवितो. वाशिम असो, कारंजा असो, मंगरूळपीर असो की रिसोड, असे अंगावर काढलेले दुखणे तुमच्याही परिचयाचे असेल. म्हणूनच आज एका अशा संशोधकाची ओळख तुम्हांस करून द्यावयाची आहे, ज्यांच्या घरात आतड्याच्या रोगाने दोन बळी घेतले आणि ज्यांच्या प्रयोगशाळेतून पुढे त्याच रोगावरील औषधे बाहेर पडली. त्यांचे नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्यांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. शाळेतही त्यांनी काही चमक दाखविली नाही. मॅट्रिकच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले व तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. आपल्या मुलाच्या एका निकालावरून त्याचे भवितव्य ठरवून टाकणाऱ्या पालकांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

तरुणपणी त्यांच्यावर मोठा आघात झाला. संग्रहणीच्या रोगाने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावले. या रोगात आतड्याचे अस्तर झिजते, खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, जुलाब सुरूच राहतात, रक्त कमी होते आणि माणूस दिवसेंदिवस खंगत जातो. पुढे खुद्द सुब्बारावांनाही हाच रोग जडला. एका आयुर्वेद चिकित्सकाच्या उपचाराने ते बचावले. रोगाचे नेमके कारण आणि हमखास औषध त्या काळी कोणापाशीच नव्हते.

मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असता गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी खादी धारण केली. याचा फटका परीक्षेत बसला आणि एम.बी.बी.एस.ऐवजी त्यांना एल.एम.एस. या कनिष्ठ पदवीवर समाधान मानावे लागले. सासऱ्यांनी व एका धर्मादाय संस्थेने केलेल्या मदतीवर ते 1922 साली अमेरिकेत बोस्टनला पोहोचले आणि हार्वर्ड विद्यापीठात उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यास करू लागले. गाठीला पैसा नव्हता. तेव्हा या डॉक्टराने इस्पितळात रात्रपाळीची नोकरी धरली. काम कोणते? रोग्यांची शौचाची व लघवीची भांडी उचलणे आणि धुणे! या कामाची त्यांनी लाज बाळगली नाही.

पुढे 1925 साली रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची एक सोपी पद्धत त्यांनी सायरस फिस्के यांच्या सोबतीने प्रसिद्ध केली. फिस्के-सुब्बाराव पद्धत म्हणून ती जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. जी लघवी लोक नाक मुरडून फेकून देतात, तिच्यातूनच शरीराची खबर मिळते, हे ध्यानात घ्यावे. स्नायूंना शक्ती पुरविणाऱ्या द्रव्यांवरही त्या दोघांनी मोलाचे काम केले. 1930 साली सुब्बारावांना हार्वर्डची पीएच.डी. मिळाली, परंतु कायमची जागा काही मिळाली नाही.

1940 साली ते न्यूयॉर्क राज्यातील लेडर्ली प्रयोगशाळेत दाखल झाले आणि तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. या कथेचा एक धागा आपल्या मुंबईशीही जुळतो. 1928 साली मुंबईत आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांना असे आढळले होते की, गरोदर स्त्रियांचा एक प्रकारचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक ॲसिड. सुब्बारावांच्या तुकडीने ते 1945 साली प्रयोगशाळेत तयार केले. लवकरच डॉ. टॉम स्पीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्यूबातील संग्रहणीच्या रोग्यांना ते दिले आणि मरगळलेले रोगी अन्न खाऊ लागले, त्यांचे रक्त वाढू लागले. भावांच्या मृत्यूला तोवर पाव शतक उलटून गेले होते.

त्याच प्रयोगशाळेतून हत्तीपाय रोगावरील हेट्राझान आले. बेंजामिन डगर यांनी शोधलेले ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन कुळातील पहिले औषध 1948 मध्ये तेथूनच बाहेर पडले व मूत्रमार्गाच्या जंतुदोषावरही वापरले गेले. आजही डॉक्टर संग्रहणीवर फॉलिक ॲसिड व टेट्रासायक्लिन ही जोडी देतात. त्याच प्रयोगशाळेतील मेथोट्रेक्सेट कर्करोगावर व आतड्याच्या काही चिवट विकारांवर उपयोगी पडते.

या यशाची किंमतही जबर होती. 1922 साली मागे राहिलेल्या पत्नीची व त्यांची पुन्हा भेट झाली नाही. ऑगस्ट 1948 मध्ये, वयाच्या अवघ्या 53व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे झोपेतच त्यांचे देहावसान झाले. स्वतःचे नाव पुढे करणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. भारत सरकारने 1995 साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, त्यांचे टपाल तिकीट काढले.

विद्यार्थी मित्रांनो, आज शाळेत आठवड्यातून एकदा जी निळी गोळी तुम्हांस देतात, तिच्यात लोहाबरोबर हेच फॉलिक ॲसिड असते. गरोदर मातांनाही ते दिले जाते. ती गोळी खिडकीतून बाहेर टाकू नका. आणि माता-पित्यांनो, पोटाचे वा लघवीचे दुखणे घरात कोणाला असेल, तर संकोच सोडून वेळेवर डॉक्टरांकडे जा. सुब्बारावांच्या भावांच्या वेळी औषधच नव्हते. आज ते आहे, आणि केवळ लाजेपायी कोणी त्याला मुकू नये.