विश्लेषण : तुकोबांच्या अभंगातून ख्रिस्तापर्यंत... रेव्हरंड ना. वा. टिळक कोण होते?

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापुरात येते. इंदापूरचा रिंगण सोहळा पाहायला पंचक्रोशी लोटते आणि तुकोबांचे अभंग दिवसभर कानावर पडतात. याच अभंगांचा आधार घेत एक मराठी कवी ख्रिस्ती श्रद्धेपर्यंत पोहोचला. त्याची गीते आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. हे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

लोकमान्यांशी गल्लत का होते?

आडनाव एकच आणि काळही जवळपास एकच. नारायण वामन यांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. ‘केवढे हे क्रौर्य’ आणि ‘वनवासी फूल’ या त्यांच्या गाजलेल्या कविता. बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्याच घरी राहत होते.

धर्मांतर कसे झाले?

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांना बायबलचा ‘नवा करार’ दिला. टिळकांनी तो अभ्यासाच्या शिस्तीने वाचायला घेतला, पण येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरच्यांनी काय भोगले?

चित्पावन ब्राह्मण घरात हा आघातच होता. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पती-पत्नीची ताटातूट काही वर्षे चालली. पुढे त्या अहमदनगरला आल्या, तरी आधी सोवळेओवळे पाळत वेगळ्याच राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हा सगळा प्रवास त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे.

टिळकांच्या श्रद्धेचे वेगळेपण काय?

देव माणूस कसा झाला, प्रार्थनेत तो जवळ कसा येतो, हे ख्रिस्ती श्रद्धेतले गूढ आहे. मिशनऱ्यांचा भर ते शिकवणीतून समजावण्यावर असे. टिळकांनी ते उकलण्यापेक्षा जगण्यात आणले. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकऱ्यांप्रमाणे त्यांनी ख्रिस्ताला आई म्हटले, गुरू आणि सखा मानले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. देव समजला नाही तरी त्याच्याशी बोलता येते, रुसता येते, हा अभंगाचा संस्कार त्यांनी सोडला नाही.

याचा परिणाम उपासनेवर झाला. इंग्रजी चालींवर बेतलेल्या अनुवादित गीतांच्या जोडीला अभंग, भजन आणि कीर्तन आले. घरकामात गुणगुणता येईल अशी प्रार्थना साध्या माणसाला मिळाली. टिळकांनी अशी शेकडो गीते लिहिली.

मिशन का सोडले?

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले, ‘ज्ञानोदय’चे संपादन केले. मात्र १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त जीवन स्वीकारले. सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती. देवाचे नाते चर्चच्या नोंदवहीपुरते नाही, ही त्यामागची भूमिका. पगार गेला, आजारपण वाढले, तरी ते मागे फिरले नाहीत.

पुढे काय झाले?

दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. येशूचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. एकेकाळी ज्यांनी पतीच्या धर्मांतराने आकांत केला, त्या लक्ष्मीबाईंनीच ते पूर्ण करायला घेतले आणि त्यातले बहुतांश अध्याय लिहिले.