जिंकलेल्या मुलखाची घडी बसवणारा एल्फिन्स्टन

पेशवाई १८१८ साली बुडाली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्या धामधुमीत गावचा सारा कुणी घेतला, तंटे कुणी मोडले, पाटलानं हुकूम मानायचा तो कुणाचा, हे सहसा कुणी सांगत नाही. ती हकिकत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या चरित्रात सापडते.

हा माणूस स्कॉटलंडचा, जन्म १७७९. सोळाव्या वर्षी कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. १८०३ च्या असईच्या लढाईत होता. पुढं नागपूरला रेसिडेंट, काबूलच्या शहाकडे वकील, आणि १८११ पासून पुण्यात रेसिडेंट. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्या दिवशी तो जळाला आणि साहेबाची पुस्तकंही गेली.

खरं काम पुढंच होतं. ११ फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याहून त्यानं जाहीरनामा काढला. बाजीराव तेव्हा फौजेसह फिरतच होता, आष्टीची लढाई त्यानंतर नऊ दिवसांनी झाली. म्हणजे लढाई संपण्याआधीच कारभाराची मांडणी सुरू. वतनं, इनामं, देवस्थानं चालू राहतील, मामलती मक्त्यानं देणं बंद होईल, असं त्यात होतं. दुसरी बाजूही होती. बाजीरावाच्या माणसांना दिलेला सारा जमेस धरला जाणार नव्हता. त्याच्याकडे गेलेल्या वतनदारांनी दोन महिन्यांत घरी परतायचं, नाहीतर वतन जप्त. दारात दोन सरकारांचे शिपाई उभे असताना कुणब्यानं काय करावं? एकाला दिलं तर दुसरा सोडत नाही.

बाजीराव ३ जून १८१८ ला शरण आला आणि वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला गेला. इकडं एल्फिन्स्टननं कमिशनर म्हणून मुलखाचे चार भाग केले: पुणे, नगर, खानदेश आणि कर्नाटक. चार कलेक्टरांपैकी तिघे पलटणीतले कप्तान. साताऱ्यात प्रतापसिंह महाराज गादीवर, त्यांच्याजवळ कप्तान ग्रँट. एवढ्या मूठभर साहेबांनी हजारो गावांचा कारभार हाकायचा कसा? म्हणून जुनंच ठेवा, असं त्याचं धोरण. मामलेदार बहुतेक पेशव्यांच्याच कारभारातले, फक्त आता ठरल्या पगारावर. सारा प्रत्यक्ष वहितीवर घ्यायचा, नव्या पट्ट्या बसवायच्या नाहीत. तंट्याला पंचायत. विद्वानांची दक्षिणाही त्यानं एकदम तोडली नाही, तिच्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. हे सगळं नुसत्या मायेपोटी नव्हतं, मुलूख शांत ठेवायचा होता. कट करणाऱ्यांना तोफेच्या तोंडी देणाराही हाच साहेब.

ऑक्टोबर १८१९ मध्ये त्यानं कलकत्त्याला मोठा अहवाल धाडला. वरचं सरकार उठून गेलं तरी आपली माणसं सांभाळू शकेल इतकं गाव स्वतःत पुरं आहे, असं त्यानं त्यात मांडलं. पाटलाचा मान आणि गावखर्चाची मोकळीक फार आवळू नका, असंही सुचवलं. नेमकं तेच टिकलं नाही. गावखर्चावर कचेरीची नजर बसली आणि पाटील हळूहळू सरकारचा वसुलीदार झाला. पंचायतीचा निवाडा मानायचा नसेल त्याला कोर्टाचं दार उघडं झालं. साहेबाचा हेतू एक, पण कचेरीची रीत वेगळी. याचा अनुभव गावकामगारांना नव्यानं सांगायला नको.

आणि साऱ्याचं काय? मक्ते गेले, हा दिलासा खराच. पण १८२० नंतर धान्याचे भाव घसरले आणि आकार जुनाच चढा राहिला. एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता. तो गेला त्याच सुमारास प्रिंगलनं मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ सरकारचे ठरवले. मोजणीत घोळ, आकार जबर. लोकांनी जमिनी टाकल्या, कित्येक मुलूख सोडून गेले.

एल्फिन्स्टन तोवर विलायतेत होता. गव्हर्नर जनरलची जागा चालून आली तरी त्यानं घेतली नाही. हिंदुस्थानचा इतिहास लिहीत बसला आणि १८५९ मध्ये वारला. इकडं गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात पुन्हा साखळी टाकली, आकार कमी केला, आणि १८३६ पासून पडीक रानं परत नांगराखाली यायला लागली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला तो त्याच मोजणीपासून.